कंपोस्टची उतरंड: ठाण्याच्या बाल्कनीत नव्वद दिवस टिकते का?

मातीच्या तीन मडक्यांची उतरंड, वर झाकण, बाजूला हवेची भोकं आणि सोबत कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याची, एक वीट. ओला कचरा घरातच जिरवण्यासाठीचा हा संच आता घोडबंदर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांतही मिळतो आणि ऑनलाइनही. आकार आणि नक्षीप्रमाणे किंमत दोन-चार हजारांच्या घरात. बहुतेक विक्रेते त्याला ‘३० दिवसांचं चॅलेंज’ म्हणून खपवतात.

निकाल आधीच सांगतो. मडकं उत्तम, सोबतचं सामान अपुरं आणि ३० दिवसांचा हिशेब साफ चुकीचा. तीस दिवसांत पहिलं मडकं जेमतेम भरतं. हातात खत यायला आपल्याकडच्या हवेत ७५ ते ९० दिवस लागतात. तिसाव्या दिवशी झाकण उघडून अर्धवट कुजलेला, काळपट लगदा दिसला की ‘आपल्याला काही हे जमत नाही’ म्हणून माणूस हात झटकतो. म्हणून स्वतःशी पैज लावायची तर ९० दिवसांचीच लावा.

मडकं घेताना

चारजणांच्या घराला साधारण १२-१३ इंच व्यासाचं, १६ ते १८ लिटरचं एक मडकं, अशी तीन पुरतात. उतरंड तीन फुटांच्या आसपास उंच होते. वरच्या दोन मडक्यांना तळ नसतो, दोरीची जाळी असते. सगळ्यात खालचं मात्र बंद तळाचं. पाणी शोषून बाहेर टाकणं हा भाजलेल्या मातीचा मुख्य गुण, त्यामुळे बाहेरून ऑइलपेंट मारलेलं, चकचकीत मडकं घेऊ नका. छिद्रं बुजली की मातीचं मडकं आणि प्लॅस्टिकची बादली यांत फरक उरत नाही. वारली चित्रं हवीच असतील तर गेरूवर चुन्याची चालतात.

टिचकी मारून बघा. खणखणीत वाजलं तर नीट भाजलेलं आहे. बद्द आवाज आला तर भेग असणार किंवा ते कच्चं असणार. मडकी दुकानातच एकावर एक चढवून हलवून पाहा. काठ वाकडा असेल तर उतरंड डुगडुगते आणि फटीतून चिलटं आत शिरतात. झाकण सैल असेल तर झुरळं येतात.

खरी कच्ची बाजू म्हणजे दोरी. सुती दोरीची जाळी ओल्या कचऱ्यासोबत स्वतःही कुजते. मग एके दिवशी मधलं मडकं उचलताना जाळी सुटते आणि दहा-बारा किलो ऐवज पायावर येतो. घेतल्याबरोबर सुती दोरी काढून नायलॉनची विणा, किंवा हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड जाळी कापून बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते विक्रेत्यांनीच करून द्यायला हवं.

काही आठवड्यांनी मडक्याच्या बाहेर पांढरा थर दिसू लागतो. ती बुरशी नाही, ओलाव्याबरोबर बाहेर आलेले क्षार आहेत. काथ्याने घासलं की जातात, नाही घासलं तरी बिघडत नाही.

गाडं अडतं ते कोकोपीटवर

संचात साधारण ६५० ग्रॅमची एक वीट येते. ती फुलून आठ-नऊ लिटर भुसा होतो. चारजणांच्या घरातून रोज ७००-८०० ग्रॅम ओला कचरा निघतो आणि त्यावर निदान अर्धा ते पाऊण लिटर कोरडा माल पडायला हवा. भागाकार करून पाहा: वीट बारा ते पंधरा दिवसांत संपते. तिसऱ्या आठवड्यात डबा रिकामा, नवीन मागवायला कुणाला सवड नाही, मग दोन-तीन दिवस कचरा नुसताच पडतो. वास सुटतो, शेजारचे विचारतात आणि मडकी सोसायटीच्या जिन्याखाली जाऊन बसतात. हे चॅलेंज मोडतं ते साधारण इथेच. आळसापेक्षा तुटवडा जास्त नडतो.

त्यामुळे संचाबरोबरच ५ किलोचा ठोकळा घ्या. तो फुलून ७० लिटरच्या आसपास भरतो. रोजच्या पाऊण लिटरने तेवढा बरोबर नव्वद दिवस पुरतो. मात्र फुलवण्याची रीत झाडांसाठीची नको. कुंडीसाठी लोक ठोकळा बादलीत बुडवतात. कंपोस्टला भुसा कोरडा हवा, आधीच पाणी प्यायलेला भुसा शोषणार काय? पाण्याचा हबका मारत ठोकळा थरथराने सोडवा, चादरीवर पसरून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. हातात घेतला तर जाड रव्यासारखा सुटा पडला पाहिजे. मग झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवा. हे काम मे महिन्यातच उरकायचं. जुलैत ठाण्यात भुसा वाळवणं म्हणजे पापड वाळवण्याइतकंच अशक्य.

फुकटचा पर्यायही आहे आणि तो जास्त चांगला आहे: सुका पाला. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सोसायटीच्या आवारात पोत्यांनी पाला जमतो. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सर्वांत उत्तम, चुरायचीसुद्धा गरज नाही. पिंपळ, कडुलिंब, गुलमोहर चांगले. आंब्याची आणि फणसाची पानं जाड, मेणचट असतात. ती तशीच टाकली तर तीन महिन्यांनीही ओळखू येतात, म्हणून गोणीत भरून पायाखाली तुडवून चुरा करा. झाडलोट करणाऱ्या दादांना सांगितलं की तीन-चार पोती सहज मिळतात. नाहीतर तो पाला कुठेतरी कोपऱ्यात जाळला जातो. येऊरच्या जंगलातून मात्र उचलू नका. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथल्या पाल्याची गरज तिथल्याच मातीला आहे. अर्धा पाला, अर्धा कोकोपीट हे मिश्रण नुसत्या कोकोपीटपेक्षा सरस, कारण पाल्यामुळे थरांत हवा राहते.

लाकडाचा भुसाही चालतो, पण सुताराकडून आणताना प्लायवूडचा नाही ना, एवढं विचारा. त्यातला गोंद नको.

कोरडं का लागतं

जिवाणूंना ऊर्जेसाठी कार्बन लागतो आणि वाढीसाठी नायट्रोजन. २५ ते ३० भागांना एक भाग, हे प्रमाण त्यांना मानवतं. भाजीच्या सालीदेठांत ते १५-२० च्या आसपास असतं, म्हणजे नायट्रोजन जास्त. सुक्या पानांत ५० किंवा त्याहून वर. दोन्ही मिसळली की मेळ बसतो. दुसरं कारण ओलावा. भाजीपाल्यात ८०-९० टक्के पाणी असतं आणि कंपोस्टला ५०-६० टक्के पुरतं. जादा पाणी कुणीतरी प्यायलाच हवं.

तपासायला यंत्र नको. मूठभर माल घेऊन घट्ट आवळा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब डोकावला आणि मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला, बोट लावताच फुटला, तर ओलावा बरोबर. पाणी ओघळलं तर भुसा वाढवा. लाडू वळलाच नाही तर पाण्याचे दोन हबके द्या.

रोजची दोन मिनिटं

पहिला आठवडा मडक्याला हात लावू नका. फक्त वजन करा. सामान तोलायचा लटकता डिजिटल काटा घ्या, रात्री जेवणं झाली की ओल्या कचऱ्याची पिशवी त्याला अडकवा आणि वहीत आकडा लिहा. सोबत एक शब्दाची नोंद: ‘कोथिंबीर सडली’, ‘भात उरला’, ‘कलिंगड’. या वहीतून दोन गोष्टी कळतात. एक, मडकं आपल्या घराला पुरेल का. रोजचं वजन सातत्याने एक किलोच्या वर असेल तर दोन उतरंडी लागतील. दुसरी थोडी बोचरी: सालीदेठांचा कचरा आणि निष्काळजीपणाचा कचरा वेगवेगळा दिसू लागतो. दहा रुपयांची जुडी म्हणून तीन घेतलेली मेथी कुठे जाते, ते आठ दिवसांत आकड्यात उतरतं. कंपोस्ट करतो म्हणून अन्न वाया घालवायला मोकळीक मिळाली, असा सोयीचा समज घरोघर होतो. ही वही त्यावर उतारा आहे, म्हणून ती नव्वद दिवस चालू ठेवा.

मग सुरुवात. वरच्या दोन मडक्यांच्या जाळीवर वर्तमानपत्राचे दोन थर. वरच्या मडक्यात त्यावर दोन इंच कोरडा पाला, त्यावर विरजण. विरजण म्हणून वाटीभर आंबट ताक चालतं, पण ज्याच्याकडे कंपोस्ट सुरू आहे त्याच्याकडून आणलेलं किलोभर अर्धकच्चं खत सर्वांत भरवशाचं. पाकिटातली जिवाणूंची पावडर पहिल्या खेपेला ठीक. पुढे आपलंच जुनं खत मूठभर टाकायचं. दर महिन्याला पावडर घ्यावीच लागते, हे विक्रेत्याचं म्हणणं कानाआड करा.

रोज रात्री एकदाच टाकायचं. दिवसभर चिमूट चिमूट टाकलं की झाकण दहादा उघडतं आणि चिलटांना निमंत्रण जातं. कचरा ओट्याजवळ चाळणीच्या डब्यात निथळू द्या. कोबीचा दांडा, कलिंगडाची साल, भोपळ्याचा गर इंच-दीड इंचाचे तुकडे करून टाका. चिरण्याने कुजण्याचा वेळ आठवड्यांनी कमी होतो. टाकल्यावर खुरप्याने वरचे चार इंच हलवा, वरून पाला-भुसा असा पसरा की एकही साल दिसता कामा नये. दर तिसऱ्या दिवशी तळापर्यंत खुरपं घालून वरखाली करा.

तीन-चार आठवड्यांत वरचं मडकं भरतं. ते मधे सरकवा, मधलं रिकामं वर आणा. ते भरलं की मधल्यातला माल खालच्या बंद मडक्यात ओता आणि पुन्हा अदलाबदल. मधल्या मडक्याकडे लोक दुर्लक्ष करतात. तेही आठवड्यातून एकदा हलवायला हवं.

भांडी घासायला येणाऱ्या मावशींना हे सगळं आधी दाखवा. सिंकच्या जाळीतला गाळ त्याच काढतात. आमटीचा रस्सा आणि तेलकट गाळ मडक्यात गेला की आठवड्याची मेहनत आंबते. त्यांच्यासाठी वेगळा डबा ठेवा आणि त्यात काय टाकायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवा. चिठ्ठी चिकटवून भागत नाही.

काय घालू नये

नारळाची करवंटी, मक्याची बुरकुंडं, आंब्याच्या कोया वर्षभर कुजत नाहीत. कोया वाळवून बाजूला ठेवा. मासे आणि कोळंबीची टरफलं तत्त्वतः कुजतात, पण बाल्कनीतल्या एवढ्याशा मडक्यात त्यांचा वास आवरत नाही आणि मांजरं झाकण पाडतात. पहिले नव्वद दिवस मासळी बाहेरच. अंड्याची टरफलं चुरून चालतात. लिंबाच्या साली थोड्या चालतात, सरबताच्या हंगामात ढीग नको. शिळा भात मूठभर, तोही मोकळा करून आणि दुप्पट भुश्यासोबत.

‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्या इथे कुजत नाहीत. त्यांना ६० अंशांच्या आसपासची, दिवसेंदिवस टिकणारी उष्णता लागते. मोठ्या ढिगात ती मिळते, सोळा लिटरच्या मडक्यात नाही. आणि सफरचंदावरचे ते इवलेसे स्टिकर! सगळं विरघळून काळंभोर खत होतं आणि त्यात हे गोल जसेच्या तसे, छापलेली अक्षरंही वाचता यावीत इतके ताजे. साल काढायच्या आधी स्टिकर काढायची सवय लावून घ्या.

बिघाड आणि त्यांची कारणं

वास दोन प्रकारचे, उपायही दोन. सडक्या अंड्यासारखा किंवा आंबट वास म्हणजे आत हवा नाही, पाणी जास्त आहे. तळापर्यंत हलवा, दोन-तीन ओंजळी भुसा मिसळा, दोन दिवस नवीन कचरा बंद. नाकात झोंबणारा, अमोनियाचा वास म्हणजे नायट्रोजन जास्त, बहुधा भाजीचा पाला एकदम खूप पडला. इथे सुकी पानं हवीत, कागदाचे तुकडेही चालतील. दोन्हींवर कडुलिंबाची पावडर हा उपाय नाही, ती फक्त थोडा वेळ वास झाकते.

पांढरी, कापसासारखी बुरशी दिसली तर आनंद माना, कुजणं नीट सुरू असल्याची ती खूण आहे. मुंग्या आल्या तर माल कोरडा पडला आहे, पाण्याचा हबका द्या.

अळ्या हे खरं संकट, निदान मनाचं. जाड, मळकट पांढऱ्या किंवा तपकिरी, वळ्यावळ्यांच्या अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. ही माशी चावत नाही, अन्नावर घोंघावत नाही आणि तिच्या अळ्या कचरा भराभर फस्त करतात. मारायची गरज नाही, पण त्या वाढल्या याचा अर्थ माल ओला आहे. भुसा वाढवला की आपोआप कमी होतात. पूर्ण वाढलेल्या अळ्या कोरडी जागा शोधत भोकांतून बाहेर चढतात आणि सकाळी फरशीवर सापडतात. घरातल्यांचा धीर तिथेच सुटतो. भोकांना आतून बारीक जाळी लावली की हा प्रश्न मिटतो.

तळातून पाणी गळू लागलं तर ते ‘टॉनिक’ समजून तुळशीला घालू नका. ते कच्चं, आंबट पाणी असतं. दहापट पाणी मिसळून शोभेच्या झाडांना चालेल. मुळात गळायलाच नको. गळणं म्हणजे भुसा कमी पडणं.

आता पावसाळा. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक चार महिन्यांत. हवाच एवढी दमट की मडक्याच्या भिंतीतून पाणी उडत नाही. उन्हाळ्यात पाऊण लिटर पुरणारा भुसा जुलैत दीड लिटर लागतो. नैर्ऋत्येकडच्या बाल्कनीत थेट झड येते, तिथे उतरंड आतल्या भिंतीशी घ्या. गणपतीचं निर्माल्यही याच ओल्या दिवसांत येतं. दुर्वा, पत्री चालतात, हारातला दोरा, जर आणि थर्माकोल काढून. झेंडूच्या पाकळ्या सुट्या करून दोन दिवस पंख्याखाली सुकवा, मगच टाका. सुरुवात फेब्रुवारीत केलीत तर पाला मुबलक आणि हवा कोरडी, दोन्ही फायदे. जुलैत सुरुवात करू नका.

गावी जायचं असेल तर वर दोन इंच कोरडा थर देऊन झाकण लावा. पंधरा दिवस काही होत नाही.

भरलेली उतरंड तीस-चाळीस किलोंची होते. वाशी, नेरूळकडच्या सिडकोच्या जुन्या घरांत लोक ती खिडकीच्या बॉक्स ग्रिलवर ठेवतात. हे धोक्याचं आहे. गंजलेल्या ग्रिलवर एवढं वजन नको, तेही रस्त्याच्या वर. फरशीवर, खाली दोन विटा देऊन ठेवा.

इतर पर्याय

बोकाशीची, म्हणजे कचरा हवाबंद आंबवण्याची, नळवाली बादली लहान असते आणि त्यात शिजवलेलं अन्नही चालतं. पण तिच्यातून निघतं ते लोणच्यासारखं मुरलेलं, खत नव्हे. ते पुढे मातीत पुरावं लागतं आणि सातव्या मजल्यावर माती कुठून आणायची? विजेची यंत्रं काही तासांत कचरा वाळवून पूड करतात. ती पूड भिजवली की पुन्हा वास मारते, कारण कुजणं झालेलंच नसतं. सोसायटी मोठी असेल तर सामायिक खड्डा किंवा ड्रम सर्वांत स्वस्त. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असं वर्गीकरण घरातच करायला सांगितलं. इथे घंटागाडीत दोन कप्पे असतात, पण डबा एकच येतो. वर्षानुवर्षं ठाण्याचा कचरा दिव्याच्या कचराभूमीत जात होता, नवी मुंबईचा तुर्भ्याच्या कचराभूमीत जात आला आहे, आणि त्यातला पाणी सुटणारा, वास मारणारा भाग हाच आपल्या ओट्यावरचा.

खत झालं का, कसं ओळखाल

रंग गडद तपकिरी, स्पर्श चहाच्या वाळलेल्या चोथ्यासारखा, वास पहिल्या पावसाचा. तरी घाई नको. मूठभर ओलसर खत पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबट वास आला किंवा पिशवी फुगली तर अजून दोन आठवडे थांबा. दुसरी परीक्षा मेथीची: वाटीत एक भाग खत, दोन भाग माती, त्यात मेथीचे दहा दाणे. चौथ्या दिवशी आठ-नऊ कोंब वर आले तर खत तयार. दोन-तीनच आले आणि त्यांची टोकं तपकिरी पडली तर ते कच्चं आहे. कुंडीत घातलंत तर मुळं भाजतील.

नव्वद दिवसांत साठ-सत्तर किलो कचरा मडक्यात जातो आणि साधारण त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं खत मिळतं. कुंडीत ते एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. बाल्कनीत आठ-दहा कुंड्या असतील तर एवढं खत लगेच संपत नाही, उरलेलं सोसायटीच्या झाडांच्या आळ्यात घाला. तळाच्या मडक्यातून खत काढताना शेवटचं किलोभर तिथेच राहू द्या, पुढच्या खेपेचं विरजण तेच.